उभा कॉलम, आडवे शब्द

१

निळा पट्टा तिरका उतरत होता.

धाकटीने आधी डोळे चोळले, मग चष्मा पुसला, मग मान वाकडी करून पाहिलं. मान वाकडी केली की पट्टा सरळ दिसत होता. पण उद्या येणाऱ्या परीक्षकबाईंना 'जरा मान वाकडी करता का' असं कोण सांगणार?

काल दुपारी तिने याच कॉलममध्ये हाच रंग सोडून पाहिला होता. तेव्हा पट्टा कसा, पट्टी ठेवून आखल्यासारखा. आज त्याची खिडकीकडची कड पुढे धावत होती आणि भिंतीकडची मागे रेंगाळत होती.

घरामागच्या दोन खोल्यांत या कुटुंबाचं रंगाचं काम चाले. हा रंग भिंतीचा नव्हे, कापडाचाही नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ओळखू याव्यात म्हणून काचपट्टीवर चढवतात तो. रंग तयार होतो तेव्हा निळ्यात जांभळा मिसळलेला असतो, आणि त्याला बाजूला काढण्यासाठी होता हा कॉलम: धाकटीच्या खांद्याएवढी उंच, मनगटाएवढी जाड काचेची नळी, वर तोंड, खाली तोटी, आत ठासून बसलेली पांढरी पूड. वरून रंग सोडायचा आणि त्यामागोमाग स्पिरिट आणि पाण्याचं मिश्रण. पुडीशी निळ्याची ओळख जुजबी, जांभळ्याची घट्ट. त्यामुळे निळा लवकर सुटतो, जांभळा गप्पा मारत मागे राहतो, आणि दोघे वेगवेगळ्या वेळी खाली पोचतात. मात्र पूड सगळीकडे सारखी बसलेली हवी. एका बाजूला सैल राहिली की पाणी तिथून पळतं आणि रंगालाही पळवतं. मग सैल बाजूचा जांभळा घट्ट बाजूच्या निळ्याला गाठतो आणि तोटीतून दोघे हातात हात घालून बाहेर पडतात.

आज नेमकं तेच चाललं होतं. खालच्या भांड्यात जे जमत होतं त्याला वांग्याच्या सालीचा रंग आला होता.

"हे काय?" दारातून आवाज आला. सासरे, म्हणजे अप्पा, सकाळचा चहा हातात घेऊन उभे होते. गेले कित्येक महिने तिने त्यांना या खोलीत पाहिलं नव्हतं. स्पिरिटच्या वासाने डोकं चढतं म्हणायचे. आज मात्र पट्टा बघायला बशीसकट आले होते.

"तिरका उतरतोय, अप्पा. काल सरळ होता."

"काल सगळंच सरळ असतं," अप्पा म्हणाले. "उद्या त्या बाई येणार. त्यांच्या कंपनीला लागतो तो सगळा निळा आपल्याकडून घ्यायचा की नाही, ते त्या हा कॉलम बघून ठरवणार. आणि हा असा? माझा भागीदार कॉलम भरायचा तेव्हा असं कधी झालं नाही. आज तो पाय प्लास्टरमध्ये घालून आपल्या घरी तिसऱ्या मजल्यावर पडलाय, नाहीतर त्यालाच बोलावला असता." बशीतला चहा हिंदकळला. "आता लोकांना काय तोंड दाखवू मी?"

"अप्पा, माझी भराई..."

"सुरुवातीलाच बोललो होतो. जमलं तर ठीक. नाहीतर ही खोली बंद, तयार भरलेल्या स्टीलच्या नळ्या विकत आणायच्या, आणि तू थोरलीबरोबर ऑफिसात बसायचं. उद्याचा दिवस बघू. परवापासून खोलीला कुलूप."

ते गेले. धाकटी स्टुलावर बसली. कॉलम भरणं तिला येत होतं, एवढंच नव्हे, आवडत होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा इथलं सगळं कुणा ना कुणाचं होतं. ही एक खोली तिची झाली होती.

"रडणार असशील तर सांग, मी नंतर येते," कुणीतरी म्हणालं. "नसशील तर त्या बुचाबद्दल बोलू."

दारात आत्या होत्या. अप्पांची थोरली बहीण. चार दिवस राहायला म्हणून काल रात्रीच आल्या होत्या. वजनमापे खात्यात निरीक्षक होत्या, दुकानदारांच्या तराजूतली खोट शोधण्यात उभी हयात गेली. आता निवृत्तीनंतर तोच डोळा वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याला लावलेला असे. कोड्याची घडी आत्ताही काखेत होती.

"कुठलं बूच?" धाकटीने विचारलं.

आत्यांनी टेबलाकडे बोट केलं. तिथे काळं रबरी बूच पडलं होतं. "हे सकाळी कुठे होतं?"

"कॉलमच्या तोंडात. मीच काढून ठेवलं."

"आणि काल तूच लावलं होतंस?"

धाकटी उत्तर द्यायला गेली आणि तशीच थांबली. ती कॉलमवर बूच कधीच लावत नसे. धूळ पडू नये म्हणून वर नुसतं एक भांडं पालथं घाली.

२

"बरं," आत्या स्टूल ओढून बसत म्हणाल्या, "मला कॉलममधलं काही कळत नाही. तेव्हा मी मूर्खासारखे प्रश्न विचारणार आणि तू न चिडता उत्तरं द्यायची. पट्टा तिरका कशाकशाने होतो?"

"पूड एका बाजूला सैल असेल तर. नाहीतर..." धाकटीने खिडकीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "आत्या, पडदा वर आहे. मी तो नेहमी खाली ठेवते. काल मिस्त्री पंखा बदलायला आला होता, त्यानेच उजेडासाठी वर केला असेल. सकाळचं ऊन थेट कॉलमच्या एका बाजूला लागतं. ती बाजू तापली की आतलं मिश्रण पातळ होतं आणि तिथून लवकर उतरतं. आणि पट्टा खिडकीकडेच झुकलाय. म्हणजे माझी भराई चांगलीच आहे. नुसता पडदा सोडायचा."

"छान," आत्या म्हणाल्या. "फारच छान. मला अशी उत्तरं आवडत नाहीत."

"का?"

"आपल्याला जे हवं तेच निघालं की मी तराजू पुन्हा रिकामा करून बघायचे. तो काटा उजवीकडे झुकला तर वजनामुळे झुकला की तराजूच वाकडा? कसं ओळखायचं?"

"पारड्यातला माल इकडचा तिकडे करायचा," धाकटी म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं. ती उठली. कॉलममधला रंग धुऊन काढायला थोडा वेळ लागला. मग तिने स्टँडचे चिमटे सैल केले आणि नळी तिच्या जागीच अर्धा फेरा फिरवली. जी बाजू खिडकीकडे होती ती आता भिंतीकडे आली. पडदा तसाच वर, ऊन तसंच आत.

"दोष उन्हाचा असेल तर पट्टा पुन्हा खिडकीकडे झुकेल," ती म्हणाली. "दोष आत असेल तर नळीबरोबर फिरेल."

तिने रंग सोडला. दोघी गुडघ्यावर हात ठेवून बसल्या, दूध उतू जायची वाट बघावी तशा. निळा पुडीत शिरला, बोटभर खाली आला, आणि हळूच एका बाजूने पुढे सरकू लागला.

भिंतीच्या बाजूने.

"ऊन निर्दोष," आत्या म्हणाल्या. "दोष कॉलमच्या पोटात आहे."

धाकटीने नजर पट्ट्यावरून काढली. मग अप्पांचंच खरं. मग तिचीच भराई.

"तोंड पाडू नकोस. काल दुपारी सरळ होता ना? तू पाहिलास?"

"पाहिला. मग मी दातांच्या डॉक्टरकडे गेले. आले ती सुजलेला गाल धरूनच. कॉलमकडे बघितलंच नाही."

"म्हणजे तुझा दात निघत होता तेव्हा इथे काहीतरी झालं." आत्यांनी कोड्याची घडी उघडली, उगाच एक अक्षर भरलं आणि खोडलं. "मिस्त्रीला बोलाव."

३

मिस्त्री आला तो बचावाची सगळी तयारी करूनच. खांद्यावर पिशवी, हातात जुन्या पंख्याचं पातं, पुरावा म्हणून.

"धाकट्या ताई, मी तुमच्या त्या बाटलीला हातसुद्धा लावला नाही. मला माहीतच आहे ते तुमचं. दारावर पाटी आहे, 'कॉलमला हात लावू नये'. वाचता येतं मला."

"बाटली नाही ती," धाकटी म्हणाली.

"पाटी दारावर आहे, तिच्यावर नाव कुठे लिहिलंय?"

"भिंतीला भोकं पाडलीस की नाही?" आत्यांनी विचारलं.

"चार. पंखा काय थुंकी लावून चिकटवू?"

आत्या धाकटीकडे वळल्या. "ड्रिलने भिंत थरथरली असेल. त्याने पूड हलेल?"

धाकटीने विचार केला. "थरथरेल. पण थरथरली तर सगळीकडून सारखी खाली बसेल. भरताना मी स्वतःच रबराच्या नळीने चारी बाजूंनी ठोकते, पूड बसावी म्हणून. जास्त बसली तर वर पोकळी दिसली असती. आणि मिस्त्रींचं काम सकाळीच झालं होतं. मी रंग सोडून पाहिला तो त्यानंतर."

"ऐकलंत?" मिस्त्री पात्याला म्हणाला.

"आता वरून नीट बघ," आत्यांनी धाकटीला सांगितलं. "मला तुझी पूड ओळखू येत नाही. तुला येते."

धाकटी स्टुलावर चढली. पूड भरून झाली की ती वर वाळूचा एक थर द्यायची, म्हणजे वरून ओतलेला रंग पुडीला खड्डा पाडत नाही. त्या वाळूवर एक सच्छिद्र चकती, नळीत घट्ट बसणारी. चकती जागेवर होती, सपाट होती. पण तिच्याखालची वाळू... तिने चष्मा वर केला. एका बाजूला वाळू बोटभर जाड होती, दुसऱ्या बाजूला नखाएवढी. आणि पातळ बाजूला, काचेला लागून, वरपासून खालपर्यंत पुडीत एक फिकट रेघ गेली होती. नीट पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी.

"कुणी कॉलम रिकामा करून पुन्हा भरलाय का?" आत्यांनी खालून विचारलं.

"नाही. वाळू अजून स्वच्छ आहे. उपसली असती तर ती पुडीत मिसळली असती, आणि ती दोन्ही वेगळी करायला जन्म गेला असता. शिवाय नवखा माणूस थोडं थोडं करून ओततो. दर वेळी जाड कण आधी बसतात, बारीक नंतर, आणि थरांच्या आडव्या रेघा उमटतात. इथे थर नाहीत. एकच उभी रेघ आहे." ती खाली उतरली. तिचा आवाज बदलला होता. "आत्या, ही माझीच भराई आहे. पण मी ठेवली तशी नाही. सगळी एका अंगाला सरकली आहे."

"मग मी जाऊ?" मिस्त्रीने विचारलं. "पेचकस तर मला कालच मिळाला."

"कुठला पेचकस?"

"इथे विसरलेला. दुपारी न्यायला आलो होतो परत. घर कसं चिडीचूप. वरून थोरल्या ताई फोनवर बोलताना ऐकू येत होत्या, बाकी कुणी नाही. मी आलो, पेचकस उचलला, गेलो. त्या बाटलीला हात लावायचा तर प्रश्नच नव्हता."

"पाटी वाचली होतीस म्हणून," आत्या म्हणाल्या.

"नाही हो. बाटली नव्हतीच ना जागेवर. नुसता स्टँड उभा होता. म्हटलं, ताईंनी धुवायला नेली असेल."

४

थोरली जाऊ वरच्या ऑफिसात फोन खांद्याने कानाशी दाबून दोन्ही हातांनी टंकत होती. नवरा आणि दीर, दोघे भाऊ माल पोचवायला बाहेरगावी गेलेले, त्यामुळे गिऱ्हाइकांचा सगळा भार हिच्यावर. दोघींना पाहून तिने फोन ठेवला.

"मला ठाऊक आहे तुम्ही का आलात. मिस्त्रीने आत्ता जिन्यात सांगितलं. आणि हो, स्टीलच्या नळ्या घ्या असं मीच अप्पांना सुचवलं होतं. अजूनही सुचवेन. धाकटे, तुझा कॉलम सुंदर आहे गं, पण तुला ताप आला की आमचा धंदा आजारी पडतो."

"वहिनी, मी तुमच्यावर..."

"तू नाही, आत्या. आत्यांची नजर बघ ना. मला दुकानदार झाल्यासारखं वाटतंय."

आत्या हसल्या. "काल दुपारभर तू फोनवर होतीस हे मिस्त्रीने ऐकलंय. आणि तुला कॉलम बिघडवायचा असता तर तू तो उचलून न्यायची मेहनत कशाला घेशील? तोटी उघडी टाकून निघून जायचं. मिश्रण वाहून जातं, पूड कोरडी पडते, तडे जातात. बरोबर ना गं?"

"बरोबर," धाकटी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम."

"मला हे माहीतच नव्हतं," थोरली म्हणाली, "पण लक्षात ठेवते." मग धाकटीचा चेहरा पाहून तिने पटकन तिचा हात दाबला. "अगं, थट्टा केली. बस. खरं सांगू? मला आज वेगळीच काळजी लागलीये. दार लाव."

धाकटीने दार लावलं. थोरलीने आवाज खाली आणला.

"अप्पा प्यायला लागलेत."

"काय?"

"सकाळी त्यांची शाल धुवायला काढली. स्पिरिटचा भपकारा. मी म्हटलं भास असेल. मग गाडी काढायला गेले तर पुढची सीट सपाट मागे पाडलेली, पलंगासारखी. म्हणजे ढोसून गाडीत झोपतात, आपल्याला कळू नये म्हणून. या वयात. ह्यांना फोनवर कसं सांगू, तेच समजत नाही."

अप्पा खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून बघायचे, त्यात दारू आहे का म्हणून.

आत्यांनी मात्र डोळे मिटले होते. ओठ हलत होते, कोड्यातली घरं मोजताना हलत तसे.

"शाल कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दोरीवर. धुतली."

"हरकत नाही. कुठल्या बाजूची सीट पाडली होती? गाडी चालवणाऱ्याची की शेजारची?"

"शेजारची."

"झोपायचं असेल तर माणूस बसलेला असतो तीच सीट मागे करतो." आत्यांनी डोळे उघडले. "मुलींनो, काल आपल्या गाडीतून कुणीतरी झोपून गेलं होतं. शाल पांघरून. आणि ते अप्पा नव्हते."

५

दुपारच्या चहाला चौघे टेबलाभोवती बसले. अप्पा बशीत चहा ओतत होते. धाकटीने आपला चहा बाजूला ठेवला होता. तिला कळू लागलं होतं, पण पटत नव्हतं.

"अरे, एक शब्द अडलाय," आत्या कोडं पसरून म्हणाल्या. "आडव्या शब्दांत."

"अक्का, माझं डोकं ठिकाणावर नाही."

"सोपा आहे. काल दुपारी तू काय करत होतास?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. "मी? जेवलो आणि जरा आडवा झालो."

"किती वेळ?"

"चांगले दोन तास."

"दोन तास कुणीतरी आडवं होतं हे खरं. पण ते तू नव्हेस." आत्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बघ. कॉलमच्या तोंडात बूच सापडलं. उभ्या नळीला बूच कशाला? ती आडवी केली तरच आतलं सांडेल. पूड एका अंगाला सरकली, वाळू एका अंगाला जाड झाली, वरच्या अंगाला सैल रेघ राहिली, वरपासून खालपर्यंत. खड्ड्या-खड्ड्यांतून आडवी गेली की पूड खालच्या बाजूला ठासते आणि वरची बाजू मोकळी पडते. त्यात गाडीची शेजारची सीट पाडलेली, कारण खांद्याएवढी नळी गाडीत उभी मावत नाही. शालीला स्पिरिटचा वास, कारण, थोरले, बूच थोडं गळलं. तुझे सासरे शुद्धीत आहेत."

"अगं बाई," थोरली म्हणाली.

"ज्याने नेला त्याला तो बिघडवायचा नव्हता. त्याने बूच लावलं, शाल गुंडाळली, त्याच दिवशी परत आणून होता तसा उभा केला. इतकं जपून कोण नेईल? ज्याला तो कुणाला तरी दाखवायचा होता तो." आत्या भावाकडे वळल्या. "सकाळी मी जिन्यातून ऐकलं. 'लोकांना काय तोंड दाखवू' म्हणालास. मी विचार करतेय, कुठल्या लोकांना? परीक्षकबाई अजून आल्या नाहीत. घराबाहेर या कॉलमची कुणाला खबर नाही. मग तू कुणापुढे नाक वर करून आलास, की आज ते खाली झालं? तुझा एकच माणूस असा आहे ज्याला भराईतलं कळतं, आणि जो जिने उतरून इथे येऊ शकत नाही."

अप्पांनी बशी लांब सारली. मग म्हणाले, "जिन्यातसुद्धा उभा धरून चढता येईना."

थोरलीला हसू आवरेना. धाकटीला मात्र हसू येत नव्हतं.

"तुम्ही भागीदारकाकांकडे नेलात?"

"रोज फोन करतो मला," अप्पा टेबलाकडे बघत म्हणाले. "म्हणतो, तुझी सून भरते ती भराई मी बघितल्याशिवाय मानणार नाही. एक दिवस नाही ऐकलं, दोन दिवस नाही ऐकलं. काल म्हटलं, बघच. त्याच्या पलंगाशी उभा केला. त्याने चष्मा लावून वरून खाली बघितला, खालून वर बघितला. आणि आमचा भागीदार, ज्याने आयुष्यात कुणाला बरं म्हटलं नाही, म्हणाला, माझ्यापेक्षा सरस आहे." अप्पांचा आवाज जाड झाला. "मी छाती फुगवून परत आलो. आणि सकाळी बघतो तर पट्टा तिरका. म्हटलं, फसलो. म्हणून चिडलो."

"त्यांनी सांगितलं नाही, आडवा नेऊ नका म्हणून?"

"मी दाराबाहेरच उभा करून मग आत नेला. आडवा आणला हे त्याला दिसलंच नाही. अगं, मी आयुष्यभर रंग विकला. भरायचा तो. बाटलीसारखी बाटली, आडवी नेली तर काय बिघडतं, असं वाटलं."

"बाटली नाही ती," धाकटी आणि आत्या एकदम म्हणाल्या.

"आणि हे मला सांगायला काय झालं होतं?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज चढला, तिलाच नवल वाटलं. "'जमलं तर ठीक' एवढंच तुम्ही माझ्याशी बोललात. काकांना दाखवायला दोन तास, मला सांगायला एक वाक्य नाही?"

अप्पांनी शब्द शोधले. नेहमीचे सगळे आडवे शब्द आज कामाचे नव्हते. "तोंडावर कौतुक करायची सवय नाही," ते शेवटी म्हणाले. "आता लागेल."

"उद्याचं काय?" थोरलीने विचारलं. "बाई तर सकाळी येणार."

धाकटी उठली. पदर खोचला. "पूड आहे, मिश्रण आहे, उजेड आहे. अप्पा, बाह्या वर करा."

६

पूड मिश्रणात कालवून तिचं पातळ पिठलं करायचं, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत ढवळायचं, आणि मग हात न थांबवता एका दमात ओतायचं. धाकटी ओतत होती. थोरलीने फोन बंद करून ठेवला होता, हे त्या घरात प्रथमच घडत होतं, आणि ती नळी काटकोनात उभी आहे की नाही ते ओळंबा धरून बघत होती. अप्पांच्या हातात रबराची नळी. काम एकच: कॉलमभोवती फिरत सगळ्या बाजूंनी सारखं ठोकायचं.

"एकाच जागी उभं राहू नका, अप्पा. फिरा."

"फिरतोय."

"खिडकीकडे कमी ठोकलंत."

"माझी सून मला ओरडते," अप्पा आत्यांना म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, बातमी म्हणून.

"तू चाळीस वर्षं बिनओरड्याचा राहिलास, त्याचं हे फळ," आत्या म्हणाल्या आणि कोड्यात शेवटचा शब्द भरला.

दिवेलागणीपर्यंत पूड बसली. वाळू, तीवर चकती, वर पालथं भांडं. बूच अप्पांनी स्वतः कचऱ्यात टाकलं.

सकाळी परीक्षकबाई आल्या. कमी बोलणाऱ्या, टोकदार नाकाच्या. पडदा खाली होता, खोलीत मंद उजेड. धाकटीने रंग सोडला. थेंब मधोमध पडला.

निळा पुडीत उतरला. बोटभर. वीतभर. सरळ, थाळीतल्या पाण्यासारखा सपाट. त्याच्या पाठीमागे पांढरी जागा दिसू लागली, आधी दोऱ्याएवढी, मग दोरीएवढी, मग हाताएवढी रुंद. त्या पांढऱ्याच्या पलीकडे जांभळा आपल्या गप्पा संपवत सावकाश येत होता. खालच्या भांड्यात निळा पडू लागला तेव्हा बाईंनी भांडं उचलून उजेडाकडे धरलं. त्यात निळ्याशिवाय काही नव्हतं.

"हा भरला कुणी?" त्यांनी विचारलं.

धाकटी तोंड उघडणार, त्याआधीच दाराकडून उत्तर आलं.

"माझ्या सुनेनं," अप्पा म्हणाले. एवढ्या मोठ्याने, की वर ऑफिसात थोरलीला ऐकू गेलं. "मी नुसता भोवती फिरलो."

बाईंनी वहीवर काहीतरी खूण केली आणि पहिली मागणी कधी पाठवू शकाल, असं विचारलं. ती तारीख ठरवायला थोरली धावतच खाली आली, आणि त्या दोघी बोलत बोलत बाहेर गेल्या.

अप्पांनी सुस्कारा टाकला. दोन दिवसांचा शीण त्यांच्या खांद्यांवरून उतरताना दिसला. त्यांनी दोरीवरून काढलेली शाल अंगाभोवती लपेटली.

"झालं बाबा एकदाचं," ते म्हणाले. "आता मी जरा आडवा होतो."

आत्यांनी कोड्यातून मान वर केली. धाकटी दोन पावलं मागे सरकली आणि तिने एक हात स्टँडवर ठेवला.

"व्हा, अप्पा," ती म्हणाली. "पण एकटेच."